नळीतलं आभाळ

“चिंधी कशी आली, सांग.”

“पांढरी.”

“नीट बघून सांग. कडेला करडी न्हाई नव्हं?”

मी चिंधी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. कडेला करडी झाक होतीच. मी तसं सांगितलं, तर आबा म्हणाले, “मग फिरून काढ.” मी फिरून काढली. खंडेनवमीची सकाळ, घरात पुरणाची डाळ शिजत घातलेली, आणि मी सोप्यात घोंगड्यावर बसून रायफलीची नळी पुसत होते.

आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव देसाई. आमचं गाव आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. रानडुकरं भाताचा आणि रताळ्यांचा फडशा पाडायची, म्हणून गावात शेतराखणीच्या परवान्याच्या चार-दोन बंदुका होत्या. बाकीच्यांच्या बंदुका माळ्यावर गंजत पडलेल्या असायच्या आणि गरज लागली की आठवायच्या. आबांची थ्री-फिफ्टीन रायफल मात्र घरातल्या माणसासारखी होती. आई म्हणायची, तुमच्या आबांना विचारा, माझं माहेर कुठलं, तर क्षणभर थांबतील. रायफलीला तेल कधी दिलं ते झोपेतसुद्धा सांगतील.

त्यांचे नेम ठरलेले असत. पावसाळ्यात रायफल कातडी पिशवीत घालायची नाही, कातडं ओल धरतं. नळीत आधी तांब्याच्या तारांचा ब्रश, मग जुन्या धोतराच्या चिंध्या, एकामागून एक, पांढरी निघेपर्यंत. शेवटी तेलाची एक चिंधी, तीही निथळती नाही, नुसती ओशट. शिलाई मशीनचं तेल चालतं, खोबरेल चालत नाही. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल तळहातानं चोळायचं. आणि सगळ्यांत वरचा नेम म्हणजे, गोळी भरण्याआधी बोल्ट काढून नळी आभाळाकडे धरायची आणि आरपार बघायचं. पलीकडच्या गावात एकाच्या बंदुकीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. त्यानं न बघता बार टाकला. नळी केळीच्या सालासारखी उलगडली आणि त्याचा डावा पंजा मनगटापासून गेला. ही गोष्ट आबा दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड करायचो.

त्या सकाळी ते स्वतः पुसायला बसले नाहीत. मला बसवलं आणि प्रत्येक चिंधीचा रंग विचारत राहिले. कॉलेज संपवून मी घरी बसले होते, स्थळं बघणं चालू होतं. मला वाटलं, आईच्या मागं घरातलं सगळं मला यावं म्हणून माझी परीक्षा घेताहेत.

पूजा झाल्यावर माझं खरं काम आलं. आमच्या गावची एक रीत होती, दुसरीकडे कुठे ऐकली नाही. खंडेनवमीला पूजलेल्या बंदुकीचं तोंड बांधायचं. तुपात भिजवलेल्या कापसाचा बोळा मेणात घोळवायचा, कुंकू लावायचं आणि नळीच्या तोंडातून बोटाच्या पेराइतका आत दाबायचा. शस्त्राचं मौन, म्हणायचे. दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर माळावर तो बोळा काढायचा, मगच बार. बांधायचं ते घरातल्या बाईनं आणि उघडायचं तेही तिनंच. आधी आई करायची. ती गेल्यावर माझ्याकडे आलं.

“घट्ट बसला?” आबांनी विचारलं.

“चांगला घट्ट.”

“उद्या दाभण इसरू नको. न्हाईतर मल्हारी म्हणंल, देसायाची रायफल मुकी झाली.”

मल्हारीकाका म्हणजे शिंत्र्यांचे. आबांचे लहानपणापासूनचे सोबती आणि तितकेच जुने वैरी. वैराचं कारण होतं मानाची गोळी. दसऱ्याला माळावर खांबाला नारळ बांधत, मागे तांबड्या मातीची उंच दरड. मान असलेल्या घरानं पहिली गोळी घालायची, एकच. नारळ फुटला तर वर्षभर मान त्या घराकडे. पालखीपुढे त्यांची रायफल, देवीचं पहिलं सोनं त्यांना. हुकला तर दुसऱ्या घराला संधी. आजोबांपासून तो मान आमच्याकडे होता आणि आबांच्या हातून कधी हुकला नव्हता. जमीन आमची बेताची, घर कौलारू, पण लग्नाकार्यात आबांना पुढे बसवत ते या एका गोळीपायी. हे त्यांना ठाऊक होतं आणि ते लपवायचेही नाहीत.

दसऱ्याला ऊन उतरतीला लागलं तेव्हा पालखी माळावर पोचली. सगळं गाव जमलं होतं. आरती झाली, आपट्याची पानं लुटली गेली, बायका पालखीला ओवाळायला पुढे सरकल्या. माझं तबक घेऊन मीही त्यांच्यात होते. दाभण तबकातच होतं. दरवर्षी ओवाळणं झालं की आबा रायफल पुढे धरायचे आणि आई, मागल्या वर्षी मी, बोळा काढायची.

त्या वर्षी मल्हारीकाकांनी घाई केली.

“हिंदुराव, आटपा की! दिस बुडाल्यावर नारळ दिसायचा न्हाई. का वय झालं म्हणून उद्या सकाळी घालताय?”

लोक हसले. आबाही हसले. “तुज्या घरात नारळ जाण्यापरीस अंधारात घालीन,” ते म्हणाले आणि रायफल खांद्यावरून उतरवून पुढे आले. मी अजून बायकांच्या गराड्यात होते. त्यांच्या उजव्या अंगाला उभ्या बायकांच्या गर्दीवरून मला ते दिसत होते. त्यांनी मान वळवून विचारलं, “शालन, उघडलीस नव्हं गं?” कुणीतरी भलत्यानंच “व्हय, व्हय” म्हटलं. आबांनी मान डोलवली.

मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. कारण त्याच वेळी आबांनी बोल्ट काढला. मला हायसं वाटलं. आता ते आरपार बघतील, नळीत अंधार दिसेल, मला हाक मारतील, लोक जरा हसतील, संपलं. त्यांनी नळी आभाळाकडे धरली, उजवा डोळा मागच्या बाजूला लावला, चांगला वेळ घेऊन बघितलं. मग दरवर्षीसारखं खड्या आवाजात म्हणाले, “आभाळ दिसतंय!”

ढोल सुरू झाला. आबांचं ‘आभाळ दिसतंय’ झालं की ढोल, हे ठरलेलं होतं.

 बोळा मी माझ्या हातानं दाबला होता. आभाळ दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी बोल्ट परत बसवला आणि गोळीसाठी हात वरच्या खिशाकडे गेला.

बायकांना ढकलून मी पळाले. पळतानाच मनात दोन गोष्टी आल्या. एक, त्यांना थांबवायचं. दुसरी, बोळा सगळ्यांसमोर काढला तर आख्ख्या गावाला कळेल, की हिंदुराव देसायाला बंद नळीत आभाळ दिसलं. पहिली गोष्ट सोपी होती. मी सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन तबक घेऊन उभी राहिले. ढोल थांबला.

“आबा, थांबा.”

“आता काय आणि?”

“तोंड उघडणारणीला ओवाळणी न टाकता बार भरताय व्हय?”

असली ओवाळणी कुणी कधी मागितली नव्हती. पण ऐकायला जुनी रीत असावी तशी वाटली, आणि जमलेल्या बायकांना ती फार आवडली. “टाका, टाका, ओवाळणी टाका!” असा गलका झाला. पोलीस पाटील पालखीशी उभे होते, तेही म्हणाले, “पोरगी बरोबर बोलतीया, हिंदुराव. टाका कायतरी.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांची नजर तबकाकडे गेली. त्यांनी हात पुढे करून तबकात चाचपलं, बोटाला दाभण लागलं. दाभण अजून तबकात आहे, म्हणजे बोळा अजून नळीत आहे. त्यांचा चेहरा उतरला. हे सगळं गावाच्या देखत झालं आणि कुणालाही दिसलं नाही.

“काय पायजे?” त्यांनी हळू विचारलं.

काय मागायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. नुसता बोळा काढून रायफल परत त्यांच्या हातात द्यावी, तर ते बार टाकणार आणि ती गोळी कुठे जाणार ते देवीलाच माहीत. भोवती सगळं गाव उभं होतं.

“ही गोळी,” मी म्हणाले. “मानाची. यंदा मला घालू द्या.”

 माळभर कुजबूज सुरू झाली. मल्हारीकाका पुढे आले. “हिंदुराव, मान घराचा हाय का पोरीबाळींचा खेळ?”

 आबांचा हात रायफलीच्या दस्त्यावर घट्ट होता, बोटं पांढरी झाली होती. नाही म्हणाले असते तर मी काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही. बहुतेक ओरडून सगळं सांगितलं असतं आणि त्यांनी जन्मात मला माफ केलं नसतं.

“माझ्याच घरातली हाय की ती,” आबा म्हणाले. “दिली.”

मी रायफल घेतली, गावाकडे पाठ करून खाली बसले, पदर पुढे घेतला आणि म्हणाले, “घालणारीनं आधी नळीची पदराआड पूजा करायची असती.” हीही रीत मी तिथंच जन्माला घातली. बोळा घट्ट बसला होता. दाभण दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा बोळा बाहेर आला, तो मी कमरेला खोचला. मग उठून बोल्ट काढला, नळी वर केली आणि बघितलं. गोल, स्वच्छ, निळं.

“आभाळ दिसतंय,” मी म्हणाले. माझा आवाज फुटला, पण ढोलवाल्यांनी ढोल धरला.

रिकाम्या रायफलीनं नेम धरायची मला सवय होती. पुसून झाली की आबा धरायला लावायचे. गोळी मात्र मी कधी घातली नव्हती. आबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. “गुडघ्यावर कोपर टेक. नळीच्या टोकाची माशी नारळाच्या बुडाशी आण. श्वास सोड. चाप वढायचा न्हाई, दाबायचा.”

मी सगळं केलं. आणि शेवटी चाप ओढला.

खांद्याला दणका बसला. दरडीवर नारळाच्या उजव्या बाजूला तांबडी धूळ उडाली. “उजवीकडनं गेली, उजवीकडनं!” पोरं ओरडली. नारळ होता तिथेच होता.

मल्हारीकाकांनी पुढे येऊन आपल्या रायफलीनं तो फोडला. एका गोळीत. त्यांच्या घरच्यांनी गुलाल उधळला, पालखी त्यांच्या दिशेला वळली. आबांनी जाऊन त्यांच्या हातात सोनं दिलं, गळाभेट घेतली आणि मोठ्यानं म्हणाले, “लेकीचा हट्ट, दुसरं काय!” लोक हसले. मीही हसले. 

घरी आल्यावर दिवेलागणीला रायफल पुसायला काढली, कारण बार झाल्यावर रायफल तशीच ठेवायची नाही हाही नेमच.  मी रॉडनं चिंध्या ओढत होते. या वेळी त्यांनी रंग विचारला नाही.

“नळीत अंधार हुता,” ते मग म्हणाले. “मला वाटलं, डोळ्याचाच हाय.”

“म्हणजे?”

“उजव्यानं दिसंना झालंय. तुझी आई हुती तवापास्नं. आता डाव्याचं बी कडंकडंनं जायला लागलंय.”

“मग मागल्या वर्षी नारळ कसा फुटला?”

“मागल्या वर्षी नारळ दिसत नव्हता. खांब दिसत हुता. खांबाच्या टोकाला धरली, लागली.”

“आणि यंदा? यंदा खांब दिसत होता?”

त्यांनी तेलाची बाटली चाचपून जवळ ओढली. मी परत विचारलं.

“न्हाई,” आबा म्हणाले. “ढोल डाव्या अंगाला वाजत हुता. म्हटलं, ढोल हाय तिथं माणसं हायत. तवा ढोल सोडून उजवीकडं धरायची.”

माझ्या हातातला रॉड खाली पडला. उजव्या अंगाला बायका उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर पोरं होती. मी आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की, “तुमच्या मानापायी कुणाचं पोर मेलं असतं, आबा,” असं म्हणाले आणि रडायला लागले. ते दुःखाचं रडणं नव्हतं, संतापाचं होतं. आबांनी ऐकून घेतलं. हातानं चाचपत रॉड शोधला, उचलून माझ्या हातात दिला.

“कुणाला सांगू नको,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेलेला होता, पण डाव्यातलं जेवढं उरलंय तेवढं औषधानं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. रायफल आबांनी आपल्या चुलतभावाच्या नावे करून टाकली. गावाला सांगितलं, मान गेला, आता ठेवून काय करायचं. गावाला ते पटलं.

मी कुणाला काही बोलले नाही. बोलले गाववालेच. त्या वर्षात मला नाव पडलं, मानघालवी. विहिरीवर गेलं की बायका म्हणायच्या, “सरा, मानघालवी आली.” थट्टाच होती, वाईट मनातलं नव्हतं. पण रोजची थट्टा चावते. मल्हारीकाका पालखीपुढून ऐटीत चालायचे आणि कुणीतरी हमखास माझ्याकडे बोट करायचं. आबा शेजारी असायचे, ऐकायचे आणि गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याचा मला फार राग यायचा. त्यांच्या डोळ्यात वेळच्या वेळी औषध घालायचे आणि मनातल्या मनात भांडायचे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात नेसरीकडचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलगा, त्याची आई आणि चुलता. पोलीस पाटलांच्या ओळखीतले, म्हणून पाटीलही येऊन बसले. पोहे झाले, चहा झाला. प्रश्न विचारून झाले. मी उठणार, तेवढ्यात चुलता हसत म्हणाला, “मानाची गोळी हुकवलेली ती हीच काय हो, पाटील? आमच्याकडं बी ऐकाय आलंय. घरचा मान घालवणारी सून म्हणजे इचार करायला पायजे!”

सगळे हसले. मीही तोंड हसरं केलं. एवढ्या महिन्यांत ते चांगलं जमायला लागलं होतं.

आबांनी कपबशी खाली ठेवली. ठेवताना बशी कडेला आपटली.

“मान तिनं घालवला न्हाई,” ते म्हणाले. “मला दिसत नव्हतं.”

पाटलांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “हिंदुराव, असूं दे. पावण्यांपुढं कशाला?” पाटलांचं खरं होतं. घरात डोळ्याचं दुखणं आहे म्हटल्यावर स्थळ मोडायला वेळ लागत नाही, पिढीजात असलं तर विचारायलाच नको. मला ते कळत होतं, आबांना माझ्याहून जास्त कळत होतं.

“न्हाई पाटील, बोलू द्या. लई दिस झालं गप बसून.” आबांनी पाहुण्यांकडे तोंड केलं, जरासं बाजूला वळवून, डावा डोळा त्यांच्यासमोर येईल असं. “नळी बंद हुती, आन मी म्हटलं आभाळ दिसतंय. बार टाकला असता तर माझं थोबाड उडालं असतं. न्हाईतर बाईमाणसांत गोळी गेली असती. हिला एकटीला कळलं. मला खाली बघाय लागू नये म्हणून हिनं गोळी मागून घेतली, जन्मात कधी न घातलेली. गावानं हिला नाव ठेवलं ते हिनं सोसलं, मी ऐकत बसलो. आता तुम्हाला काय इचार करायचा तो करा. पण हिच्याबद्दल करू नगा, माझ्याबद्दल करा.”

 मुलाच्या आईनं पदर सावरला. चुलता खाकरला आणि काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, “मग आता… आता दिसतंय का काय?”

“डाव्यानं दिसतंय थोडं. तुमचं पोरगं मघापास्नं रिकामा कप तोंडाला लावतंय, तेवढं दिसतंय.”

मुलानं चटकन कप खाली ठेवला. तिथं थांबणं मला जमलं नाही. मी आत जाऊन चुलीपुढे बसले आणि पदर तोंडात धरून रडले. बाहेर पोलीस पाटील आबांना विचारत होते, “मर्दा, मग त्या दिवशी आमच्यातल्या कुणावर नेम धरला हुतास, ते तरी सांग.” आबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण सगळा सोपा हसला आणि त्यात आबांचं हसणं सगळ्यांत मोठं होतं.